घराला चाके, पण मोरी कुठे?

घर बांधताना माणसे आधी मोरी आणि संडास कुठे येणार यावर भांडतात. भिंतींचा रंग हा शेवटचा वाद. चाकांवरचे घर घेताना मात्र हा क्रम उलटतो. छताला खिडकी हवी की नको, पलंग दुहेरी की दुमजली, मागचे दार उघडून चहा पिताना डोंगर दिसेल की तळे, यावर महिनाभर खल चालतो आणि सांडपाणी कुठे जाणार हा प्रश्न कुणाच्या जिभेवर येत नाही. कुटुंबकबिला घेऊन लांबवर फिरण्यासाठी कॅम्पर घ्यायची हौस गोंदियाकराने तर जरूर करावी, कारण भूगोल त्याच्या बाजूने आहे. कोहमाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागले की एकीकडे नागपूर, धुळे, सुरत करत अरबी समुद्र आणि दुसरीकडे रायपूर, संबलपूर करत बंगालचा उपसागर; चालकाने एक वळण बरोबर घेतले की झाले. तेव्हा समुद्र गाठणे सोपे आहे, अवघड आहे ती वाटेतली पहिली रात्र. या सदराचे म्हणणे एवढेच, की कॅम्पर निवडताना इंजिन, गादी आणि फ्रीज नंतर पाहावेत, आधी ती रात्री कुठे उभी राहणार ते पाहावे. हा निकष लावला की बहुतेक गाड्या दुकानातच बाद होतात आणि खरेदीचे काम फार सोपे होते.

पर्याय मुख्यतः तीन. पहिला, टेंपो ट्रॅव्हलर किंवा विंगरसारखी उंच व्हॅन घेऊन तिच्या पोटात संसार थाटायचा. दुसरा, बोलेरो किंवा स्कॉर्पिओच्या टपावर घडीचा तंबू बसवायचा. तिसरा, मोटारीमागे चाकांची खोली ओढत न्यायची. तिसरा पर्याय ज्यांना ट्रॅक्टरची ट्रॉली उलटी घेता येते त्यांच्यासाठी उत्तम. बाकीच्यांनी एकदा अर्जुनी मोरगावच्या बाजाराच्या दिवशी ती वळवून पाहावी आणि मग पैसे मोजावेत. दुसऱ्यात रात्री आजीला शिडीने टपावर चढवावे लागते आणि दोन वाजता तिला लघवी लागली की पुन्हा उतरवावे लागते. उरला पहिला. त्याच्या आड मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ उभे आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा बजावले. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचे वेगळे तांत्रिक मानकही आहे. तेव्हा ओटा ओळखीच्या सुताराकडून आणि संडास ओळखीच्या वेल्डरकडून, हा आपला परंपरागत बेत इथे चालत नाही. नोंदणीच्या कागदावर तेरा आसने आणि आत डबल बेड असेल, तर देवरीजवळच्या सीमेवर साहेब त्या सुतारकामाचे कौतुक जरूर करतील, पण आधी तुम्हाला खाली उतरवून.

समजा, सगळे कायदेशीर झाले. आता साधा हिशेब. कुटुंब सहा जणांचे, माणशी वीस लिटर पाणी. यात एक बादली अंघोळ आणि तोंड धुणे बसते, चैन बसत नाही. दिवसाचे १२० लिटर म्हणजे १२० किलो वजन. त्यावर सहा माणसे, अंथरुणे, सिलिंडर, बॅटऱ्या आणि वैदर्भीय घराने प्रवासाला निघताना घेतलेच पाहिजेत असे चिवड्याचे डबे. पुढचा प्रश्न गारव्याचा. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दिवसभर तापलेला पत्रा रात्रीही माणसाला शेकतो. एका टनाचा एसी रात्रभर थांबत थांबत चालला तरी सहा-सात युनिट वीज खाणार. टपावरचे ५०० वॅटचे सौर पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला दोन-अडीच युनिट देते. म्हणजे एका रात्रीच्या गारव्यासाठी गाडी तीन दिवस उन्हात तापवायची, असा हा पर्यावरणपूरक सौदा आहे. राहिला संडास. कॅम्परमधली काढघालीची मैलाटाकी साधारण वीस लिटरची असते. सहा जणांनी ती दिवसाभरात भरते. युरोपात कॅम्पिंगच्या तळावर ती रिकामी करायला ठरलेली जागा असते. आपल्याकडे ठरलेली जागा म्हणजे अंधार. तलावांचा जिल्हा म्हणून मिरवणाऱ्या गोंदियात कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या तलाव-बोड्यांच्या पाण्यावर आजही धान पिकतो. त्या बोडीत पर्यटकाने पहाटे टाकी उपडी करायची आणि दुपारी तिच्याच काठावर उभे राहून निसर्गसौंदर्याचे फोटो काढायचे, हा पर्यटनाचा विकास असेल तर त्याचे आकडे जाहीर करताना वजनकाटा जवळ ठेवावा.

तरीही गाडी घेतलीच, तर उभी कुठे करायची? जंगलात, असे हौशी माणूस चटकन म्हणतो. नवेगाव-नागझिरा २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे संध्याकाळी पर्यटकाने बाहेर पडायचे असते, दारात घर लावून बसायचे नसते. जंगलातून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला म्हणावे, तर गोंदिया-कोहमारा मार्गावर मुरदोलीच्या जंगलात ऑगस्ट २०२३ मध्ये रस्ता ओलांडणारा वाघ मोटारीच्या धडकेने मेला. तिथे रात्री थांबणे वाघाच्या हिताचे नाही आणि तुमच्याही. मग राहतो पेट्रोल पंप किंवा ढाबा. लाखो रुपयांचे फिरते घर रात्री दहाला ढाब्यावर लागते, घरातली माणसे ढाब्यावरच जेवतात, ढाब्याचाच संडास वापरतात आणि ट्रकच्या हॉर्नखाली झोपतात. त्यांच्या शेजारी एक ट्रकचालक खाट टाकून हेच सगळे फुकटात करत असतो. फरक इतकाच, की तो त्याला जीवनशैली म्हणत नाही.

शासनाला हे सुचलेच नाही असे कुणी म्हणू नये. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आणि त्यात गाडीच्या बरोबरीने कॅराव्हॅन पार्कचाही विचार केला: गाडी लावायला जागा, पाणी, वीजजोडणी. म्हणजे गाडीआधी तळ लागतो हे कागदाला कळले आहे. गाडी मात्र शोरूममध्ये मिळते आणि तळ फायलीत मिळतो, त्यामुळे खरेदीदार पहिल्यापाशीच थांबतो. या धोरणाला आणखी एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे जिल्ह्यात चाकांवर राहणारी माणसे आधीपासून आहेत. धान कापणीच्या हंगामात पंजाबकडून हार्वेस्टर येतात, त्यांच्या सोबतच्या वाहनात चूल आणि बिछाने असतात. दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या पडदे, पेट्या आणि नट घेऊन रोज नव्या गावी रात्र जागवतात. आणि माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासूनची गोंड कुटुंबे आपले शिधे, भांडी आणि म्हाताऱ्या माणसांसह येतात; कुणी रेल्वेने दरेकशाला उतरतात, कुणी जीप-पिकअपने. लांब पल्ल्याचा कौटुंबिक प्रवास याहून वेगळा तो काय? पण ज्याच्या गाडीत फ्रीज असतो तो पर्यटक आणि ज्याच्या गाडीत चूल असते ती गर्दी, अशी आपली वर्गवारी आहे. पहिल्यासाठी धोरण निघते, दुसऱ्यासाठी बंदोबस्त.

यावर आक्षेप येणार. पहिला सुरक्षेचा आणि तो खरा आहे: मालवाहू वाहनात माणसे बसवणे बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारे आहे, चुलीच्या संसाराचे गोडवे गाताना हे झाकता येणार नाही. पण त्यावरचा उपाय जादा बस आणि जादा डबे हा आहे. डबल बेडची व्हॅन हा नाही. दुसरा आक्षेप असा, की बायका, लहान मुले आणि मधुमेहाच्या म्हाताऱ्यांसाठी गाडीतच संडास असणे ही हौस नसून गरज आहे. गरज शंभर टक्के खरी. म्हणूनच ती लाखो रुपये मोजणाऱ्या एका घराची भागवून संपत नाही. एसटीतून जाणाऱ्या बाईचे मूत्राशय काही वेगळ्या धातूचे नसते. तिसरा आक्षेप स्वातंत्र्याचा: वाटेल तिथे थांबावे, वाटेल तेव्हा निघावे. पाण्याचा नळ, चार्जिंगचा बोर्ड आणि टाकी ओतायची जागा शोधत संध्याकाळी पाचपासून रस्त्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाचे स्वातंत्र्य सायंकाळच्या पाचलाच संपते. चौथा आक्षेप मात्र सर्वांत मराठी आहे: हे आपल्याकडे जमणार नाही. जमते. आळंदी-देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्यांमागे राहुट्या, शिधा आणि भांडी वाहणारे ट्रक असतात, पाण्याचे टँकर असतात, फिरती शौचालये असतात; कारण तिथे पालखीतळ आधी ठरतो आणि वाहन नंतर येते. कोणत्या कंपनीचा ट्रक, असे तिथे कुणी विचारत नाही. जपानने १९९३ पासून हमरस्त्यांवर ‘मिची-नो-एकी’ नावाची थांबास्थानके उभारली. आज ती बाराशेच्या घरात आहेत आणि तिथे मोटार लावणे व शौचालय वापरणे चोवीस तास फुकट असते. त्या देशाने आधी संडास बांधले. मोटारी तर तो जगाला विकतच होता.

तेव्हा निकाल असा. लांबच्या प्रवासाला कुटुंब न्यायचे असेल, तर साधी, कुठल्याही तालुक्याच्या गावी दुरुस्त होणारी सातआसनी गाडी घ्या, सोबत सतरंज्या, पाण्याचा एक पिंप आणि छोटी शेगडी ठेवा आणि रात्री धर्मशाळा, भक्तनिवास, लॉज किंवा नातेवाईक गाठा. वाचलेल्या पैशांत अशा दहा यात्रा होतील. ज्यांना झोपायचे पलंग, चालता संडास आणि पगारी चालक हवाच आहे, त्यांच्यासाठी गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. एकाच राज्यात राहून दिवसाहून अधिक काळ चाकांवर नांदायची सोय तिने केव्हाच केलेली आहे, शिवाय चहा जागेवर येतो. आणि ज्यांच्या हाती जिल्ह्याचा पैसा आहे त्यांना विनंती: कोहमारा, देवरी, सालेकसा, नवेगावबांध आणि बोदलकसा या पाच ठिकाणी रात्रभर दिवा, नळ, स्वच्छ संडास आणि टाकी रिकामी करायची सोय असलेले वाहनतळ करा. फीत कापायला कॅराव्हॅनची वाट पाहू नका. पहिल्या रात्री तिथे ट्रकवाले, यात्रेकरू आणि नाटक कंपनीवाले हजर असतील. मग खुशाल कॅम्पर घ्या, वाटल्यास छताला खिडकीही करा.