मुंबईहून दिल्लीला धाडलेल्या एका कायद्यास

मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, 1959 यांस,
सा. न. वि. वि.

मुंबई राज्याचा भिक्षाविषयक कायदा केंद्र सरकारने 1960 मध्ये दिल्लीला लागू केला. दिल्लीवरच्या मराठी स्वाऱ्यांची वर्णने पुष्कळ आहेत. त्यांत ही स्वारी नसते. वास्तविक ती 58 वर्षे टिकली. शिंद्यांचा दिल्लीतला अंमल 1803 मध्ये संपला, तेव्हा त्याची एवढी वर्षे भरली नव्हती.

सदर कायद्याची नजर तीक्ष्ण. हात पसरणारा भिकारी ठरलाच. पण भिकेसाठी गाणारा, नाचणारा, भविष्य सांगणारा, कसरत करणारा, वस्तू विकायला पुढे करणारा, हेही त्याच रांगेत. उपजीविकेचे साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी रेंगाळतो, एवढ्यावरही माणूस धरता येई, तोही वॉरंटशिवाय. पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे, पुढे दहा वर्षांपर्यंत स्थानबद्धता. वासुदेव, पोतराज आणि नंदीबैलवाले पिढ्यानपिढ्या दारी आलेल्या प्रांतात हे कलम लिहिले गेले, हे विशेष.

2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या तयारीत दिल्लीत भिकाऱ्यांसाठी फिरती न्यायालये निघाली. पुढे शिधा घरपोच देण्याची योजनाही निघाली. ती 2022 मध्ये उच्च न्यायालयात रद्द झाली. न्याय चाकांवर येतो, गव्हाला मात्र ती सोय नाही.

जुलै 2018 मध्ये पूर्व दिल्लीतील मंडावली येथे 8, 4 आणि 2 वर्षांच्या तीन बहिणी उपासमारीने गेल्या. शवविच्छेदनात पोटे रिकामी आढळली. नंतर त्या गल्लीत नेत्यांची रीघ लागली. सदर कायद्याच्या लेखी मात्र येथे काहीच घडले नव्हते: भूक खोलीतच राहिली, रस्त्यावर येऊन तिने कोणाची गाडी अडवली नाही. उपाशी असणे त्याच्या कक्षेत येत नाही. उपाशी दिसणे येते.

पंधरवड्याने, 8 ऑगस्ट 2018 रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाच्या गीता मित्तल व सी. हरी शंकर यांच्या खंडपीठाने भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्याला भीक मागायला लावणाऱ्यास शिक्षा करणारे कलम तेवढे शाबूत ठेवले, आणि ते योग्यच झाले.

त्याच शहरात बंगला साहिब गुरुद्वाराचा लंगर चालतो. तेथे रोटी दोन्ही हात पुढे करून घेण्याची रीत आहे. मोटारवाला, हमाल, परदेशी पाहुणा एका पंगतीत बसून हात पसरतात. उपजीविकेचे साधन कोणी विचारत नाही, उपकाराचा फोटोही कोणी काढत नाही. बाहेर सिग्नलवर तसेच हात दिसले की मोटारीची काच वर जाते. कायदा गेला, काच राहिली. इंदूरने तर 1 जानेवारी 2025 पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचे ठरवले, म्हणजे काच उघडणाराही सुटायला नको.

दिल्लीतून निरोप मिळाला तरी सदर कायदा महाराष्ट्रात अजून लागू आहे. त्याने येथूनही सन्मानाने निवृत्त व्हावे आणि जाताना आपल्या अंमलबजावणीवरील खर्चाचे धान्य शिधापत्रिका नसलेल्यांकडे वळवावे.

कळावे. लोभ नसावा, ही विनंती.