क्षारमहर्षी

खडकवासल्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला क्षारमहर्षी म्हणजे काय ते कळायचं नाही. त्यासाठी गावाबाहेर, बोअर आणि टँकरच्या भरवशावर फ्लॅट घ्यावा लागतो. वर्षभरात शॉवरची निम्मी भोकं बुजतात, काचेवर पांढरे ठिपके उमटतात आणि एका रविवारी दारात महर्षी उभे राहतात.

आमचे अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. आपण ‘बसा’ म्हणेपर्यंत ते बाथरूममध्ये पोचलेले असतात. तोटीवरून नख फिरवतात. “डाग म्हणू नका हो याला. चुनखडी आहे ही. पाणी उडून जातं, कॅल्शियम मागे राहतं. चार-पाच हजार वर्षं हात लावू नका, गुहा होईल. तिकीट लावा.”

खिशात टीडीएस मीटर. पण त्यातला आकडा वाचून कुणी हळहळलं की ते चिडतात. “त्यात सगळेच विरघळलेले क्षार आले, अगदी मीठसुद्धा! काठिण्य वेगळं मोजतात. लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं. दुसरं पाणीच मिळत नसेल तर ६००. भारतीय मानक आहे.” हे सांगताना आवाज असा, की मानक यांनीच सही करून दिलंय.

उपचार सुरू झाले की बाथरूमचा वॉर्ड होतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तोटीला गुंडाळून वर पिशवी आणि रबरबँड. शॉवरच्या तोंडाला व्हिनेगरची पिशवी, सलाइन लावल्यासारखी. काचेसाठी कोमट पाण्यात लिंबूसत्त्व. अर्धा तास कुणी आत जायचं नाही. मी एकदा व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालू पाहिला, तर हात धरला. “दोघं एकमेकांतच संपतात, डाग मजा बघतो!” फरशीच्या ॲसिडची बाटली दिसली तर ती स्वतः उचलून नेतात. त्याने नळाचा क्रोम उतरतो आणि आतलं पितळ उघडं पडतं, हे त्यांनी बहुधा स्वतःच्याच घरी पाहिलं असावं. विचारायची सोय नाही. त्यांच्याकडे आंघोळ झाल्यावर टॉवेल आधी काचेला लागतो, मग अंगाला. वहिनी सांगतात, थंडीतसुद्धा.

आणि खरं सांगायचं तर तोट्या चकाकतात. तेवढं श्रेय द्यायलाच हवं.

त्याच उत्साहात ते परवा स्वयंपाकघरात शिरले. सिंकच्या नळाचं लिंबूसत्त्वात भिजवलेलं फडकं ठिबकत होतं, खाली कडप्प्याचा ओटा. कडप्पाही चुनखडीचाच दगड. लिंबूसत्त्वाने भेदभाव केला नाही. फडकं काढलं तेव्हा नळ आरशासारखा आणि ओट्यावर बशीएवढा पांढुरका, खरखरीत चट्टा. अण्णांनी नख फिरवलं. प्रथमच काही बोलले नाहीत. चहाही अर्धा ठेवून गेले.

त्या जागी आता मिसळणाचा डबा असतो. अण्णा येताना दिसले की आमची ही तो उचलून फडताळात ठेवते.