पॉइंटकर

धारचे ते धारकर, देवासचे ते देवासकर; पण अलीकडे माळव्यातल्या मराठी घरांत एक नवं आडनाव रुजू लागलं आहे, पॉइंटकर. खिशातल्या नोटांपेक्षा कार्डांची जाडी जास्त, मोबाइलवर चार हॉटेल-साखळ्यांची अ‍ॅपं, आणि पोह्यांवर शेव भुरभुरावी तसा प्रत्येक वाक्यावर ‘फ्री नाइट’ हा शब्द भुरभुरलेला. लोक त्याला चिक्कू समजतात आणि ‘फुकट ते पौष्टिक’ या खात्यात टाकून मोकळे होतात. हा त्याच्यावर अन्याय आहे. पॉइंटकराला फुकट काहीच नको असतं. त्याला हवा असतो मान, आणि त्या मानासाठी तो भरपूर पैसे मोजत असतो.

हिशेबच मांडू. ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेनं मॅरियट हॉटेल-साखळीच्या ‘बॉन्व्हॉय’ योजनेचं कार्ड आणलं. वार्षिक फी ३,००० रुपये, वर कर. बदल्यात वर्षाला एक रात्र फुकट, १५,००० पॉइंटांपर्यंतच्या खोलीत. सौदा वाईट नव्हता. खरा काटकसरी माणूस ती एक रात्र पदरात पाडून घेईल आणि कार्ड गोदरेजच्या कपाटात ठेवून देईल. पॉइंटकर मात्र किराण्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळं त्याच कार्डावर आणतो. अशा साध्या खरेदीवर १५० रुपयांना २ पॉइंट. म्हणजे नुसत्या या पॉइंटांवर दुसरी तशी रात्र मिळवायची तर सव्वाअकरा लाखांची खरेदी व्हायला हवी. त्याचं गणित कच्चं असतं असंही नाही. हा भागाकार त्याला तोंडपाठ असतो. तरीही बस्त्यात एक शालू वाढतोच. आपला तोटा पैशापर्यंत ठाऊक असलेला माणूस जेव्हा थांबत नाही, तेव्हा त्याची कमाई रुपयांत शोधण्यात अर्थ नसतो.

ती कमाई पाहायची तर हॉटेलच्या काउंटरवर पाहावी. रिसेप्शनवरची मुलगी संगणकात नाव घालते, क्षणभर पडद्याकडे बघते आणि म्हणते, ‘वेलकम बॅक सर, आप हमारे गोल्ड मेंबर हैं.’ पॉइंटकर लगेच किल्लीला हात लावत नाही. कोपर काउंटरवर टेकवून ‘काय म्हणालात?’ असं विचारतो. ऐकू आलेलं असतं, पण मागच्या रांगेलाही ते नीट ऐकू जायला हवं. शेवेचा डबा आणि पाण्याची बाटली सांभाळत उभी असलेली बायको म्हणते, ‘अहो, घ्या ना ती किल्ली.’ तिला खोली हवी असते. त्याचा मुक्काम मात्र त्या वाक्यातच साजरा होऊन गेलेला असतो.

माळव्याला मानाची ही हौस नवी नाही. धारला पवारांचं राज्य, देवासला एकाच गावात पवारांच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. इंग्रजी अमलात या तिन्ही संस्थानिकांना १५ तोफांची सलामी होती. शेजारी इंदूरच्या होळकरांना १९, त्यांच्या स्वतःच्या हद्दीत २१. ग्वाल्हेरच्या शिंद्यांना सरळ २१. दारूगोळ्याला इंग्रजांचा खर्च तो किती, पण त्या आवाजात संस्थानं बांधली गेली. पुढचा दोन तोफांनी मोठा आहे, एवढं कळलं की माणूस मागे वळून पाहत नाही. १९७१ साली तनखे आणि संस्थानिकांची मान्यता, दोन्ही रद्द झाली. बरोबर बारा वर्षांनी, १९८३ साली, अमेरिकेत हॉलिडे इन आणि मॅरियटनं वारंवार येणाऱ्या पाहुण्यांसाठी योजना काढल्या. आज बॉन्व्हॉयमध्ये वर्षाला १० रात्रींना सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटेनियम. तोफा गेल्या, धातू आले. या योजनांना ‘लॉयल्टी प्रोग्राम’ म्हणतात. राजनिष्ठेचं इतकं शब्दशः भाषांतर इंग्रजांनाही सुचलं नव्हतं.

कुणी म्हणेल, बिल कंपनी भरते, पॉइंट त्याच्या खात्यात जातात. मग त्याचं काय गेलं? पीथमपूरच्या कारखान्यांच्या कामानं देशभर फिरणाऱ्या माणसाबाबत हे खरं आहे. पण मिळालेले पॉइंट तो कुठे उधळतो ते बघा. २४ महिने खात्यात हालचाल नसेल तर ते बुडतात, म्हणून फिरती थांबली आणि मुदत जवळ आली की तो कुटुंबाला घेऊन इंदूरच्या हॉटेलात झोपायला जातो. देवासहून इंदूर ३५-४० किलोमीटर. स्वतःच्या गादीपासून तासाभरावर, परक्या उशीवर, तो रात्र काढतो. प्लॅटिनम असेल तर दुपारी चारपर्यंत खोली सोडत नाही. करण्यासारखं काही नसतं, मुलं कंटाळलेली असतात, पण चारचा हक्क तीनला सोडणं म्हणजे आपणच आपल्या सलामीतली एक तोफ कमी करणं.

आणि फुकटच राहायचं तर धार जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून नर्मदा वाहते. खलघाट-धरमपुरीच्या वाटेनं जाणाऱ्या परिक्रमावासीयाला आश्रमात, धर्मशाळेत, कुणाच्या ओसरीवर पथारी मिळते. वर सदावर्ताचा शिधा. कार्ड नाही, मुदत नाही. पॉइंटकर तिकडे फिरकत नाही, कारण तिथे परिक्रमावासी सगळेच ‘मूर्ती’ म्हणवले जातात; एका मूर्तीला दुसरीपेक्षा चांगली पथारी मिळण्याची सोय नाही. माझ्या म्हणण्याला याहून चोख पुरावा नको.

शेवटचा आक्षेप असा की, असू दे, निरुपद्रवी छंद आहे. छंद म्हणून माझंही काही म्हणणं नाही. फक्त देवासकरानं तरी एक फरक विसरू नये. त्याच्याच गावातल्या बँक नोट प्रेसमध्ये छापलेल्या नोटेवर धारकाला तेवढे रुपये देण्याचं वचन असतं. पॉइंटावर कसलंच वचन नसतं. २०२२ च्या मार्चमध्ये मॅरियटनं खोल्यांचे ठरलेले पॉइंट-दर मोडीत काढले. आता मागणीप्रमाणे आकडा हलतो. तोफांची संख्याही इंग्रजच ठरवत. पॉइंटकर चिडतो, दोन दिवस कंपनीला शिव्या देतो आणि तिसऱ्या दिवशी टायटेनियमला किती रात्री उरल्या ते मोजायला बसतो. त्याचा दोष तरी काय? वर्षाच्या तीनशेवर रात्री ज्या घरात तो काढतो, त्या घरानं त्याला अजून सिल्व्हरसुद्धा केलेलं नाही.