शाळा बंद, वार्षिकांक चालू

उत्तर रत्नागिरीतल्या एका माध्यमिक विद्यालयात यंदा हिशेबतपासनिसांना चमत्कार सापडला. 2020-21 या वर्षाचा ‘नियतकालिक निधी’ पालकांकडून रीतसर घेतलेला, पावत्या फाडलेल्या, आणि नियतकालिकाचा कुठे मागमूस नाही. लाल शाईत शेरा पडला. संस्थेपुढे दोनच मार्ग उरले, पैसे परत करा किंवा अंक काढा. पैसे परत करण्याची प्रथा संस्थेत स्थापनेपासून नाही. त्यामुळे त्या वर्षाचा वार्षिकांक आत्ता काढायचे ठरले, आणि माजी विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून प्रस्तुत लेखकाला संपादक मंडळात ओढण्यात आले.

पहिल्याच सभेत सचिवांनी त्याच्याही दोन वर्षे आधीचा अंक टेबलावर आपटला. “हाच घ्या. सनावळ्या तेवढ्या बदला.” अंक खरोखर सोयीचा होता. सरस्वती, अध्यक्षांचे मनोगत, मुख्याध्यापकांचे हितगुज, रायगडच्या सहलीचा वृत्तान्त, ‘आई’ या एकाच विषयावरच्या सात कविता. कुठल्याही वर्षाला बसेल असा ऐवज. पण मराठीच्या बाई अडून बसल्या. करोनामुळे त्या वर्षी सहल गेलीच नव्हती, मग रायगड कुणी चढला? शेवटी ‘नव्या कल्पना मांडाव्यात’ असा ठराव झाला. आम्ही मांडल्या. इतिवृत्तात त्या येणार नाहीत, म्हणून इथे नोंदवतो.

पहिला प्रश्न वर्गाच्या छायाचित्राचा. शिक्षक खुर्च्यांवर, मुली मागे उभ्या, मुलगे पुढे मांडी घालून आणि मध्ये खडूने लिहिलेली पाटी, हे त्या वर्षी शक्य नव्हते. मात्र गणिताच्या सरांनी ऑनलाइन तासाचा एक स्क्रीनशॉट जपून ठेवला होता. चौकटीच चौकटी, चौकटीत रंगीत गोळा, गोळ्यात एकेक अक्षर. चेहरा एकच, तो सरांचा, आणि तोही कपाळापासून वर. मोबाइल घरातल्या कुणाचा तरी, त्यामुळे नावेही त्यांचीच. आमची सूचना अशी, की फोटो आहे तसा छापावा आणि खाली प्रथेप्रमाणे ओळ द्यावी : ‘डावीकडून : आई, आई, पप्पा जिओ, रेडमी नोट 8, श्री गणेश ट्रेडर्स, काका मुंबई, आई. अनुपस्थित : रेंज.’ श्री गणेश ट्रेडर्स हा वर्गातला सर्वांत हुशार मुलगा होता, असे सर म्हणतात.

‘आमचे गुरुजन’ या पानासाठी साहित्य भरपूर. नेहमी शिक्षकांचे पासपोर्ट फोटो आणि पदव्या असतात. यावेळी त्यांची कामे छापता येतील. पीटीचे सर तपासणी नाक्यावर. शिट्टी तीच, फक्त पोरांऐवजी टेंपो थांबायचे. विज्ञानाच्या बाई ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन दारोदार. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली हरवल्याला बरीच वर्षे झाली असल्याने, त्यांच्या हातात उपकरण आल्याचा हा दुर्मीळ प्रसंग होता. नोव्हेंबर 2020 मध्ये नववीपासूनचे वर्ग उघडायचे ठरले, तेव्हा सगळ्या शिक्षकांनी नाकात काडी घालून घेतली. त्या शैक्षणिक वर्षात आमच्या शाळेत प्रामाणिकपणे घेतली गेलेली हीच एक परीक्षा. आणि तिच्यात निगेटिव्ह येणारा पास.

माजी विद्यार्थी मेळाव्याचे पान मात्र सुवर्णाक्षरांत छापायला हवे. संस्था दरवर्षी मुंबईकरांना निमंत्रणे धाडते आणि दरवर्षी खुर्च्या रिकाम्या राहतात. मे 2020 मध्ये तेच चाकरमानी पास काढून, रात्रीबेरात्री, मिळेल त्या गाडीने आले, आणि ग्रामकृती दलाने त्यांना थेट शाळेत नेऊन कोंडले. चौदा दिवस. आमच्या वेळी दुसऱ्या तासाला खिडकीतून पळणारा एक वर्गमित्र त्याच आठवी ‘ब’मध्ये पूर्ण मुदत राहिला. सख्खा भाऊ फाटकाबाहेर गडग्यावर डबा ठेवायचा आणि दहा पावले मागे जाऊन हाक मारायचा. शाळेच्या इतिहासात इतकी हजेरी कुठल्याही मेळाव्याला लागलेली नाही. सचिवांनी हरकत घेतली, की मे महिना मागच्या शैक्षणिक वर्षात मोडतो. शिवाय कोणी देणगी दिली नाही.

जून तर निश्चित याच वर्षातला. 3 जूनला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात घराघरांची कौले उडवली, तशी आमच्या शाळेचीही. ‘ज्ञानाला छप्पर नसते’ असे सुभाषित त्या फोटोखाली टाकावे, हे आमचे म्हणणे सर्वांना आवडले. अध्यक्षांना इतके, की त्यांनी ते स्वतःच्या नावावर मागितले. कित्येक आठवडे वीज नव्हती. राज्याच्या शिक्षण खात्याने ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ म्हणून अभ्यासमाला मोबाइलवर पाठवली, सह्याद्री वाहिनीवर 20 जुलैपासून ‘टिलीमिली’ सुरू झाली. इकडे पोरे मोबाइल चार्ज करायला कुणाच्या जनरेटरपाशी बसत आणि रेंजसाठी सड्यावर चढत. रायगडच्या सहलीचा वृत्तान्त हवाच असेल, तर तो या सड्याचा लिहावा. चढ तेवढाच, आणि रोजचा.

स्नेहसंमेलन व्हॉट्सअ‍ॅपवर झाले. आठ मुलींचे कोळीनृत्य, आठ घरांत आठ मोबाइलवर चित्रित आणि मग चित्रकलेच्या सरांनी जोडलेले. ताल सोडून सगळे जमले होते. पाचव्या चौकटीत नाच रंगात आला असताना मागून आजी सूप घेऊन निघाली, मध्येच थांबली, नातीकडे पाहिले आणि तिथेच उकिडवी बसून तांदूळ पाखडू लागली. बक्षीस तिला द्यावे असे परीक्षकांचे मत पडले. गटात आजीचे नाव नोंदलेले नव्हते.

उरला ‘आमचे यश’ विभाग. इथे नव्या कल्पनांची गरजच नाही, बोर्डानेच त्या पुरवल्या आहेत. 2021 साली दहावीची परीक्षा झाली नाही, आणि तिच्या अभावी राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला. कोकण विभागाचा पूर्ण 100. सूत्र असे, की नववीच्या निकालाचे 50 गुण, दहावीच्या अंतर्गत लेखी कामाचे 30, तोंडी-प्रात्यक्षिकाचे 20. पण या मुलांच्या नववीची वार्षिक परीक्षाही टाळेबंदीत रद्द झालेली. म्हणजे जुलै 2021 च्या निकालाचा निम्मा भार मुख्यतः 2019 च्या दिवाळीआधी दिलेल्या सहामाहीवर. त्या सहामाहीला आदल्या रात्री नमनाचा खेळ पाहत जागलेल्या पोरांना कोणी बजावले होते, की बाबांनो, हीच तुमची बोर्डाची परीक्षा? निकालाच्या दिवशी संकेतस्थळ तासन्‌तास उघडले नाही. नापास झालेले तेवढेच.

शेवटची सूचना मराठीच्या बाईंची. जी मुले पटावर होती आणि पडद्यावर एकदाही आली नाहीत, त्यांची नावे छापावीत. एका घरात तीन भावंडांत फोन एक, आणि तो घेऊन बाप कामावर. एक मुलगा हर्णैला बोटीवर खलाशी म्हणून गेला. तोही शंभर टक्क्यांत आहे. त्याची गुणपत्रिका कार्यालयाच्या कपाटात आहे, न्यायला तो आलाच नाही. बाईंनी यादी वाचायला घेतली. ती चार पानांची भरली.

सचिवांनी चष्मा पुसला. यादी छान आहे म्हणाले, पण तिची चार पाने आधीच गेली. तीन ऑनलाइन शिकवणी वर्गाच्या जाहिरातीला, आणि एक त्यांच्याच शुभेच्छांना.