टॉवेलाचा सारस

जंगलालगतच्या 'इको' रिसॉर्टात पर्यावरण नेमकं कुठे मुक्कामाला असतं, याचा पत्ता लागला आहे : न्हाणीघरात, टॉवेलच्या दांडीवर. तिथल्या हिरव्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं असतं, 'पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा.' पृथ्वीचं काय ते पुढे कळेल, धुलाईचा खर्च आजच वाचतो. त्याच टॉवेलची घडी घालून पलंगावर लांब मानेचा पक्षी बसवलेला असतो. महाराष्ट्रातला सारस आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या धानाच्या बांध्यांत, तोही हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरलाय. टॉवेलाचा मात्र रोज सकाळी नवा जन्मतो.

असल्या पुठ्ठ्याला पाहुणा भुलतो का? अमेरिकेतल्या एका हॉटेलात झालेला प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. 'पर्यावरण वाचवा' एवढंच लिहिलं तेव्हा शेकडा 35 पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. 'बहुतेक पाहुणे वापरतात' असं लिहिल्यावर 44 जणांनी. म्हणजे माणूस पृथ्वीपेक्षा शेजारच्या खोलीकडे बघून वागतो. आणि हा पुठ्ठा त्याला दिसतो कधी? खोलीचे पैसे मोजून झाल्यावर! खोली निवडताना त्याने पाहिलेला असतो तो भाव, एसी आणि फोटोतला निळाशार तरणतलाव.

मालक म्हणतात, गिऱ्हाईक मागतं तेच आम्ही देतो. अहो, गिऱ्हाईक मागणार कसं? बोअर किती फूट गेली, सांडपाणी कुठल्या नाल्यात सोडलं, रात्रभर जनरेटर किती डिझेल पितो, याचे फोटो कोण टाकतं? दुसरा आक्षेप : टॉवेलने थोडं तरी पाणी वाचतंच ना? वाचतं, बादलीभर. आणि खिडकीबाहेर टँकरच्या टँकर पाणी नुसतं पोहण्यासाठी साठवलेलं असतं, तेही कुठे, तर भंडाऱ्यात! कोहळी समाजाने पाळी बांधून पावसाचा थेंब अडवला, त्यावर धान पिकवलं, त्या तलावांच्या जिल्ह्यात. ते माजी मालगुजारी, म्हणजेच 'मामा' तलाव आज गाळाने भरताहेत, आणि गावची पोरं रिसॉर्टच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभी आहेत. पाहुण्याला दाखवण्याजोगं पर्यावरण हवं असेल, तर बुकिंगच्या पानावर तरणतलावाच्या फोटोखाली महिन्याला उपसलेलं पाणी लिटरमध्ये छापा, आणि गावातले किती जण पगारावर आहेत तेही. मग शेजारच्या रिसॉर्टचा आकडा बघूनच पाहुणा ठरवेल. तोवर बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न 'एसी आहे ना?' आणि दुसरा 'वाघ नक्की दिसेल ना?'