ठिगळाला ठिगळ

देवळाली कॅम्पने इंग्रजीला एक शब्द बहाल केला: 'डुलाली', म्हणजे डोकं फिरलेला. मायदेशीच्या बोटीची वाट बघत गोरे शिपाई इथल्या छावणीत कुजत, त्यावरून. आता सर्व्हरवाले बोटीऐवजी अपडेटची वाट बघतात, एवढंच. 'अपाची' या फुकट, खुल्या वेबसर्व्हरच्या २.४.४९ आवृत्तीच्या सुरक्षेला भोक पडलेलं. ४ ऑक्टोबर २०२१ला २.४.५० आली, ठिगळ तोकडं निघालं. ७ तारखेला २.४.५१. दुरुस्तीची दुरुस्ती, तीन दिवसांत! आणि चुकीची जाहीर कबुलीसुद्धा. (आमच्या गल्लीतला खड्डा हे वाचून लाजला असावा.) तुमचा सर्व्हर अजून २.४.४९वरच डुलत असेल, तर वाचणं थांबवा. आधी अपडेट करा.