मत्स्यकन्येचं शेपूट कसं विणावं : जयपूरनिवासी मराठी आजी, मावशी आणि आत्यांसाठी मार्गदर्शिका

जयपूरपासून पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र कुठल्याच दिशेला लागत नाही. या भौगोलिक सत्याचा इथल्या पाच-सहा वर्षांच्या मुलींवर काडीचाही परिणाम झालेला नाही. दिवाळी संपून हवेत गारवा आला की त्यांना मत्स्यकन्या व्हायचं असतं, आणि घरात जिला सुया धरता येतात तिच्याकडे अर्ज येतो. सदर मार्गदर्शिका अशा अर्जदारांच्या पालकवर्गासाठी आहे.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी : शेपूट म्हणजे लोकरीची लांब पिशवी. कमरेपाशी रुंद, पावलांकडे निमुळती, शेवटी दोन पर. मूल आत पाय घालून सोफ्यावर आडवं होतं आणि सांगितलेलं काम करायला आपल्याला पाय नाहीत असं जाहीर करतं.

१. आधी स्वतःची समजूत घाला

जयपूरची घरं उन्हाळ्याशी लढायच्या हिशेबानं बांधलेली असतात. दगडी फरशी मे महिन्यात वरदान वाटते. जानेवारीत पहाटे पारा पाच-सहा अंशांवर उतरला की तीच फरशी अनवाणी पायांचा सूड घेते. उपाय म्हणून या शहरानं आपली रजई घडवली. पाव किलो कापसात ऊब देणारी जयपुरी रजई देशभर नावाजलेली आहे. दोष एवढाच की ती इतकी हलकी असते की झोपेतल्या मुलाच्या एका लाथेत पलंगाखाली जाते. पांघरूण लाथाडणं हा मुलांचा जन्मसिद्ध हक्क आहे आणि तो ते रोज रात्री दोन वाजता मिळवतात.

शेपटाचं खरं प्रयोजन इथे आहे. ज्या पांघरुणात पाय कोंडलेले आहेत ते पायानं उडवता येत नाही. मुलीला वाटतं समुद्र मिळाला, आपल्याला ठाऊक असतं की बंदोबस्त झाला. दोन्ही पक्ष खूश राहतात, म्हणून हे कारण मुलीपुढे उच्चारू नये.

हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या १८३७ सालच्या गोष्टीत मत्स्यकन्या पाय मिळावेत म्हणून शेपूट सोडते आणि त्याची किंमत म्हणून आपला आवाज देऊन टाकते. आपल्याकडे व्यवहार नेमका उलटा आहे. पाय जातात, आवाज पूर्ण शाबूत राहतो. याची मानसिक तयारी ठेवा.

२. समुद्राची सोय

शेपूट आलं की पाणी कुठाय हा प्रश्न येतोच. रामगढच्या तलावाचं नाव काढू नका. १९८२ च्या एशियाडमधल्या नौकानयनाच्या शर्यती तिथे झाल्या होत्या हे खरं. पण पुढे तो तलाव कोरडा पडला, आणि ही कथा सहा वर्षांच्या मुलीला झोपताना सांगण्यासारखी नाही. तिला मानसागरच्या काठावर न्या आणि जलमहाल दाखवा. त्याचे खालचे मजले पाण्यात बुडालेले आहेत. तिथे कोण राहतं, हे सांगायची गरज पडत नाही. ते तिचं तीच ठरवते.

शिवाय लाटांची चणचण या शहराला कधीच नव्हती. वाळवंटाच्या कडेला राहणाऱ्या लोकांनी कापड बांधून, रंगवून त्यावर तिरप्या लाटा उठवल्या आणि त्याला लहरिया म्हटलं. श्रावणात तीज आली की अख्खा बाजार लाटांनी भरतो. तेव्हा परांना पाच रंगांचे तिरपे पट्टे दिले तर शेपूट एकदम स्थानिक होईल. तिरपे जमत नसतील तर आडवे द्या. मुलगी तक्रार करणार नाही, शेजारच्या भाभीजी करतील.

३. साहित्य

जाड लोकर अर्धा किलो, जुन्या मापाच्या ६ नंबरच्या (म्हणजे ५ मिलिमीटरच्या) सुया, लोकर ओवायची बोथट सुई, एक क्रोशाची सुई आणि घरातल्यांच्या टोमण्यांकडे दुर्लक्ष करण्याची तालीम.

हिशेब लक्षात घ्या. पाव किलोच्या रजईत आख्खा माणूस झोपतो. अर्ध्या किलोच्या शेपटात अर्धं मूल मावतं. हा युक्तिवाद घरात कोणी ना कोणी करेलच. उत्तर देऊ नका, टाके मोजत असल्याचं दाखवा.

राजस्थानात राहून लोकर इथलीच वापरावी असा स्वाभिमानी विचार मनात येईल. देशात सर्वाधिक लोकर पिकवणाऱ्या राज्यांत राजस्थानचं नाव अग्रभागी आहे, आणि जयपूरहून दक्षिणेला टोंक जिल्ह्यात मालपुऱ्याजवळ अविकानगरला १९६२ पासून केंद्र सरकारची मेंढ्या आणि लोकर संशोधनाची संस्था आहे. मालपुरा हे नाव मराठी कानाला ओळखीचं वाटावं. १८०० साली लखबादादा लाडांच्या हाताखाली शिंद्यांच्या फौजेनं जयपूरकरांना तिथेच हरवलं. फौज खंडणीच्या मागे होती. मेंढ्यांकडे कोणी पाहिलं नाही, आणि ते योग्यच झालं. मालपुरा जातीच्या मेंढीची लोकर राठ, केसाळ असते. ती गालिच्याला आणि नमद्याला उत्तम. मुलीच्या पोटऱ्यांना लावाल तर दहा मिनिटांत मत्स्यकन्या जमिनीवर येईल.

म्हणून निमूटपणे अ‍ॅक्रिलिक घ्या. ते मेंढीच्या अंगावरून नव्हे, खनिज तेलाच्या कारखान्यातून येतं. टोचत नाही, मशीनमध्ये धुता येतं आणि त्यावर सांडलेलं बोर्नव्हिटा निघतं. परकोट्यातल्या दुकानात गेल्यावर दुकानदार विचारेल, "बच्ची के लिए? सादा स्वेटर बना लो ना, बहनजी." त्याच्याशी वाद घालू नका. तो शहाणा माणूस आहे.

रंगाबाबत सूचना : तुम्ही समुद्राचा म्हणून मोरपिशी निवडाल. १८७६ मध्ये वेल्सच्या युवराजासाठी हे शहर गुलाबी रंगवलं गेलं, तेव्हापासून इथल्या मुली त्या रंगाच्या प्रभावाबाहेर आलेल्या नाहीत. तिला गुलाबीच हवा असतो, चमचम असलेला. चमचमवाला धागा सुईत अडकतो आणि गुंता सुटत नाही. शेपूट मोरपिशी, पर गुलाबी, या तोडग्यावर सह्या घ्या.

४. माप

वय विचारून माप काढू नका, उंची मोजा. पाच-सहा वर्षांचं मूल वर्षाला सहाएक सेंटिमीटर वाढतं. तुमचा विणायचा वेग त्याहून फार जास्त असेल असं गृहीत धरू नका. श्रावणात सुरू केलेलं शेपूट संक्रांतीला संपलं तर मधल्या काळात मुलगी दोन-तीन सेंटिमीटर पुढे निघून गेलेली असते.

खालचं माप सुमारे ११५ सेंटिमीटर उंचीच्या मुलीसाठी आहे. आकार अगदी साधा, समलंब चौकोन. भूमितीचं भय वाटत असेल तर आठवा, सवाई जयसिंगांच्या दरबारात जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडची भूमिती अरबीतून थेट संस्कृतात उतरवली, 'रेखागणित' नावानं. आपल्याला फक्त दर चौथ्या ओळीत दोन टाके कमी करायचे आहेत.

आधी वीतभर नमुना विणा. दहा सेंटिमीटरला १६ टाके आणि २२ ओळी बसल्या पाहिजेत. नमुना कोणीच विणत नाही. विणा.

५. कृती

१२८ टाके घाला. एक सुलट, एक उलट अशी पाच सेंटिमीटरची पट्टी विणा. ही कमरेला बसते.

आता लाटा. चार ओळींचा हा टाका जुना आणि भरवशाचा. पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी सगळी उलट. तिसऱ्या ओळीत कडेचा एक टाका सोडून : दोन टाके एकत्र, असं तीनदा, मग सुईवर धागा घेऊन एक सुलट, असं सहा वेळा, पुन्हा दोन टाके एकत्र, तीनदा. हा अठरा टाक्यांचा गट ओळीत सात वेळा येतो, म्हणजे १२६, आणि दोन्ही कडांचे दोन धरून १२८. चौथी ओळ सगळी सुलट. प्रत्येक गटात सहा टाके मरतात आणि सहा जन्मतात, त्यामुळे संख्या तीच राहते. मरणारे टाके एकीकडे आणि जन्मणारे दुसरीकडे असल्यामुळे वीण मधेच फुगते, मधेच आक्रसते आणि लाट उठते. ओळीच्या शेवटी १२८ भरले नाहीत तर तुम्ही कुठेतरी धागा घ्यायला विसरलात. नेमकं कुठे, हे फक्त देव आणि शेजारच्या भाभीजी सांगू शकतात.

अशा लाटा तेरा सेंटिमीटर आल्या की साधं विणायला लागा, एक ओळ सुलट, एक उलट. दर चौथ्या ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका कमी करा. हे बत्तीस वेळा केलं की ६४ टाके उरतात आणि आणखी ५८ सेंटिमीटर लांबी येते. हा भाग कंटाळवाणा आहे. मराठी मालिका याच भागासाठी तयार केल्या जातात.

टाके सैल हातानं बंद करा, कापड दुमडून बाजूची शिवण घाला. खालचं तोंड मात्र शिवू नका. याचं कारण सातव्या कलमात.

पर वेगळे विणायचे. ५ टाके घाला, सगळ्या ओळी सुलट, दर दुसऱ्या ओळीत दोन्ही टोकांना एकेक वाढवत ३१ वर जा. बारा-पंधरा सेंटिमीटर तसंच विणा. मग आलात तसेच कमी करत परत ५ वर या. असे दोन. ते खालच्या तोंडाच्या फक्त वरच्या कडेला शिवा.

माशाचे खवले हवेतच असा हट्ट असेल तर क्रोशाचा क्रॉकोडाइल टाका आहे. दिसतो देखणा. खांबांचे थर एकावर एक चढत असल्यामुळे लोकर मात्र राक्षसासारखी खातो. अर्ध्या किलोत काहीच भागणार नाही, आणि त्याच छटेची लोकर पुन्हा मिळेल या भ्रमात राहू नका.

६. शंकासमाधान

*टाका गळला आणि शिडी खालपर्यंत उतरली, काय करू?* धागा ओढू नका. क्रोशाच्या सुईनं एकेक पायरी उचलत वर आणा. त्याआधी टीव्ही बंद करा.

*नातवालाही शेपूट हवंय. चालेल?* विष्णूचा पहिलाच अवतार कमरेखाली मासा होता. विणून टाका.

*बोरन्हाणाला घालू का?* हलव्याचे दागिने आणि शेपूट यांचं जमतं, काळ्या रंगाचा हट्ट सोडलात तर. पण एक सांगून ठेवते. डोक्यावरून चुरमुरे, बोरं आणि उसाचे करवे ओतले की बाकीची पोरं वेचायला धावतात. शेपूटवालीला धावता येत नाही. ती शांतपणे कमरेची पट्टी ताणून धरते आणि ढिगातला निम्मा माल थेट आत जातो. पोरं रडतात. शेपटातून रात्री उशिरापर्यंत चुरमुरे निघतात.

*नणंद म्हणते, तयार शेपूट ऑनलाइन मिळतं, स्वस्त आणि दोन दिवसांत.* हा प्रश्न मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेर आहे.

७. वापर आणि खबरदारी

इथपर्यंत हसलात तरी हे कलम गांभीर्यानं वाचा. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपेत कुठलंही सैल पांघरूण नको, शेपूट तर नकोच. शेपूट घालून चालणं, उड्या मारणं, जिना उतरणं सक्त मना. अ‍ॅक्रिलिक आगीला वितळतं आणि कातडीला चिकटतं. हीटर आणि सिगडीपासून लांब ठेवा. खालचं तोंड उघडं ठेवायचं ते यासाठी : मूल दचकून उठलं तर पाय सरळ बाहेर यायला हवेत. बंदोबस्त कितीही प्रेमाचा असला तरी त्याला दार हवंच.

संक्रांतीबाबत इशारा. १४ जानेवारीला अख्खं जयपूर गच्चीवर असतं. "वो काटा!" अशी पहिली आरोळी कानावर आली की तुमची मत्स्यकन्या शेपूट जिन्यापाशी टाकून वर पळेल. फेब्रुवारीत ऊन तापायला लागतं, होळीपर्यंत शेपूट ट्रंकेत जातं आणि पुढच्या हिवाळ्यात ते पावलांपाशी आखूड वाटायला लागतं.

तेव्हा निकाल असा : जयपूरच्या हवेत हे शेपूट पाच-सहा आठवडे उपयोगी पडतं, पाय उबदार ठेवण्याच्या कामात रजईपुढे टिकत नाही, आणि तरीही विणावं. अर्ध्या किलोतली थोडी लोकर उरेलच. ती फेकू नका. तिचे पायमोजे विणा, कारण मत्स्यकन्येला सकाळी सातच्या स्कूलबसला गार फरशीवरूनच जायचं असतं.